उंच कुंडीतलं रबराचं झाड पिवळं पडायचं, ते असं सावरलं

आमच्या यवतमाळकडची माती काळी, कपाशीची. ओसरीतल्या अडीच फुटी कुंडीत वरून माती कोरडी अन् खाली चिखल. पानं पिवळी पडून गळायची. तळाला गिट्टी भरली, पाणी कमी केलं, तरी दोन झाडं गेली. फार जीव तुटला.

गिट्टीने निचरा वाढत नाही. बारीक माती पाणी गिट्टीच्या वरच धरून ठेवते, ओला थर उलट मुळांजवळ सरकतो.

आधी कुंडीच्या बुडाला भोकं पाडली. मग आत रंगाची रिकामी बादली उपडी घातली. तिच्यावर भोकांची 10 इंची प्लास्टिक कुंडी ठेवली. तिच्यात दोन भाग जाडी रेती, एक भाग कुजलेलं शेणखत, एकच भाग काळी माती. रेती चाळून, धुऊनच घ्या, बारीक गाळ राहिला तर पुन्हा तेच. आता मातीत बोट दोन इंच खुपसून कोरडं लागलं की मगच पाणी. नवी पानं फुटलीत.