ग्राहकाकडे ठेवलेला माल टॅलीत वेगळा दिसावा म्हणून

माल आपला, पण पडून आहे नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या ग्राहकांकडे. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तो मुख्य गोडाउनमध्येच दिसत राहतो आणि कुणाला कधी भरून द्यायचा ते कळत नाही.

१. एफ११ (टॅलीच्या सुविधा चालू-बंद करायची कळ) मधून एकापेक्षा जास्त गोडाउन चालू करा. प्रत्येक ग्राहकाच्या नावाने एक गोडाउन उघडा, नावाआधी भाग लिहा: ‘रबाळे–’, ‘तुर्भे–’. एका भागाचे ग्राहक यादीत एकाखाली एक येतात, गाडीची फेरी तिथेच ठरते.
२. माल निघाला की स्टॉक जर्नल करा (माल एका गोडाउनमधून दुसऱ्यात गेल्याची नोंद), विक्रीचं बिल नको. सोबत डिलिव्हरी चलन (बिलाशिवाय माल नेताना द्यायचा कागद), तीन प्रतींत.
३. ग्राहकाने वापर कळवला की त्याच गोडाउनमधून बिल करा. हे रोजच्या रोज व्हायलाच हवं, नाहीतर शिल्लक खोटी पडते.
४. आठवड्यातून एकदा गोडाउन समरी (कुठल्या गोडाउनमध्ये किती माल त्याचा अहवाल) बघून कमी पडलेला माल एकाच गाडीत भरा.

विक्री नसली तरी ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचं बिल) लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची किंमत १ लाख रुपयांच्या वर असेल तर.

आणि पसंतीवर (पसंत पडला तरच विक्री, नाहीतर परत) पाठवलेला माल निघाल्यापासून ६ महिन्यांत परत आला नाही किंवा विकला गेला नाही, तर जीएसटीचं बिल करावंच लागतं. म्हणून चलनाची तारीख स्टॉक जर्नलच्या नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या शेऱ्यात) नक्की टाका.