मैदानात घुसणाऱ्याला लाइफटाइम बॅन: बरोबर की अती, हे कसं ठरवायचं

फुटबॉल मॅचमध्ये कोणीतरी कठडा ओलांडून मैदानात पळतो, दुसऱ्या दिवशी क्लबचं स्टेटमेंट येतं की याला लाइफटाइम बॅन, आणि आपल्यात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते बरं झालं, दुसरी म्हणते एवढ्याशा गोष्टीला जन्मभराची शिक्षा? आणि दोन्ही पार्ट्यांनी बहुतेक वेळा वीस सेकंदांच्या क्लिपपलीकडे काही बघितलेलं नसतं. म्हणून अशी बातमी आली की ती कशी तपासायची, काय काय विचारायचं आणि शिक्षा खरंच जास्त झाली असेल तर पुढे काय करता येतं, ते इथे लिहितोय. बहुतेक उदाहरणं इंग्लंडचीच आहेत कारण यावर सगळ्यात जास्त गाजलेल्या केसेस तिथल्या आणि नियमही तिथे नीट लिहून ठेवलेले आहेत.

पहिलं बघायचं ते बॅन दिलाय कोणी. कोर्टाने की क्लबने? इथेच अर्धा गोंधळ होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या फुटबॉल ऑफेन्सेस अ‍ॅक्टप्रमाणे परवानगी किंवा कायदेशीर कारण यातलं काहीच नसताना मैदानात जाणं हाच गुन्हा आहे, कोणाला हात लावला नाही तरीही, आणि नुसतं गवतावर पाय ठेवल्यावरच नाही तर मैदानाला लागून जो भाग प्रेक्षकांसाठी नसतो तिथे गेलात तरी लागू होतो. याला दंड जास्तीत जास्त १,००० पाउंड. त्याशिवाय १९८९ च्या फुटबॉल स्पेक्टेटर्स अ‍ॅक्टखाली कोर्ट बॅनिंग ऑर्डर, म्हणजे मॅचला जायला बंदीचा आदेश, काढू शकतं, ती कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ५ वर्षांची, आणि माणसाला थेट जेलमध्ये पाठवलं असेल तर ६ ते १० वर्षांची. ही ऑर्डर एका क्लबपुरती नसते, ती देशभरातल्या ठरलेल्या सगळ्या मॅचेसना लागते, परदेशात मॅच असेल तर पासपोर्ट जमा करायला लागू शकतो, आणि ऑर्डर मोडली तर ६ महिन्यांपर्यंत जेल.

आता यातला आकडा लक्षात ठेवा, १० वर्षं. त्याच्या पुढे कोर्टसुद्धा जाऊ शकत नाही. आणि दोन तृतीयांश मुदत संपली की ऑर्डर उठवा म्हणून कोर्टात अर्ज करता येतो. म्हणजे "लाइफटाइम" हा प्रकार या कायद्यात नाहीच, तो क्लब देतो. क्लबला तो देता येतो कारण स्टेडियम त्यांचं आहे आणि तिकीट म्हणजे आत यायची परवानगी, ती ते काढून घेऊ शकतात. माझा सगळा मुद्दा इथूनच सुरू होतो: न्यायाधीश, वकील, पुरावा, दोन्ही बाजू ऐकणं हे सगळं करून कोर्ट जिथे १० वर्षांवर थांबतं तिथे क्लबच्या ऑफिसातून कोणीतरी मेल पाठवून जन्मभर म्हणतं, तेव्हा त्या "जन्मभर"ला जास्त कडक कारण लागायला पाहिजे. तसं कारण कधीकधी असतंही.

दुसरा प्रश्न, त्याने आत जाऊन नेमकं केलं काय. क्लिप थांबवून थांबवून बघा. १० मार्च २०१९, सेंट अँड्र्यूज, बर्मिंगहॅम सिटी विरुद्ध अ‍ॅस्टन व्हिला. व्हिलाचा खेळाडू जॅक ग्रीलिशची पाठ आहे, त्याला माणूस दिसत पण नाही, तो माणूस मागून पळत येतो आणि तोंडावर बुक्की मारतो, ग्रीलिश खाली. उठला, आणि त्याच मॅचमध्ये गोल मारून टीमला १-० जिंकवून दिलं ही गोष्ट वेगळी, पण त्या माणसाच्या हातात काही असतं तर काय झालं असतं याचा विचार करा. त्याला १४ आठवडे जेल, १० वर्षांची ऑर्डर, आणि बर्मिंगहॅमने लाइफटाइम बॅन दिला. दुसरी केस १७ मे २०२२ ची, सिटी ग्राउंड, नॉटिंगहॅम फॉरेस्ट पेनल्टीवर जिंकले, लोक मैदानात धावले, हरलेल्या शेफील्ड युनायटेडचा खेळाडू बिली शार्प इंज्युरीमुळे खेळतसुद्धा नव्हता, खिशात हात घालून टचलाइनजवळ उभा होता आणि एकाने पळत येऊन त्याला डोक्याने धडक मारली. २४ आठवडे जेल, १० वर्षांची ऑर्डर. त्याआधी २०१२ मध्ये शेफील्ड वेन्सडेचा गोलकीपर ख्रिस कर्कलंड, लीड्सच्या एका फॅनने मैदानात येऊन त्याला तोंडावर ढकललं, १६ आठवडे जेल.

अशा केसमध्ये मला लाइफटाइम बॅन चुकीचा वाटत नाही आणि त्याबद्दल मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. खेळाडूसाठी ती कामाची जागा आहे. कामावर असताना मागून येऊन कोणी मारलं तर त्या माणसाला परत त्या जागेत येऊ देऊ नका असं कोणीही म्हणेल.

पण मग तो पोरगा, जो सेल्फी घ्यायला पळतो? युरो २०२४ मध्ये तुर्की विरुद्ध पोर्तुगाल मॅचमध्ये एक लहान मुलगा पळत रोनाल्डोकडे गेला, रोनाल्डो हसला, फोटो दिला. नंतर त्याच मॅचमध्ये अजून लोक एकामागून एक घुसत राहिले आणि रोनाल्डोचा चेहरा उतरत गेला ते पण दिसलं सगळ्यांना. इथे दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. त्या मुलाचा हेतू साफ होता. आणि पळत येणाऱ्याचा हेतू काय ते खेळाडूला किंवा स्टुअर्डला (स्टेडियममध्ये गर्दी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला) त्या दोन सेकंदात कळायला काहीच मार्ग नसतो, एकाला सोडलं की मागचे दहा बघत असतात. म्हणून "काही केलं नाही ना, मग सोडा" हे मला पटत नाही, शिक्षा झालीच पाहिजे. फक्त बुक्की मारणारा आणि मिठी मारायला गेलेला दोघांना एकच शिक्षा देणं म्हणजे सब घोडे बारा टक्के. आणि त्यात तोटा पण आहे, आत गेलो की जन्मभराचा बॅन ठरलेलाच, तर आत गेल्यावर शांत राहायचं कारणच उरत नाही.

तिसरा प्रश्न, आत का गेला. हा सगळ्यात जास्त विसरला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो स्टेडियम. लेपिंग्ज लेनच्या बाजूला जाळ्यांच्या मागे माणसं चिरडली जात होती, काहीजण जाळीवर चढून मैदानात यायला लागले, आणि पोलिसांना सुरुवातीला वाटलं की हे लोक मैदानात घुसतायत. ते लोक तर स्वतःचा जीव वाचवत होते. ९७ जण गेले. त्यानंतर या दुर्घटनेच्या चौकशीचा टेलर रिपोर्ट आला, त्यात दोन गोष्टी जोडीने होत्या: जाळ्यांची उंची कमी करून वरची टोकं काढा आणि मैदानात घुसणं हा गुन्हा करा. म्हणजे आज तिथला फॅन मैदानापासून चार पावलांवर बसतो आणि मधे जाळी नसते, त्या जाळ्या हटण्याच्या जोडीनेच हा कायदा आलाय. म्हणून मैदानात पळणाऱ्याला मी हलक्यात घेत नाही, घुसखोरी वाढली तर परत जाळ्या लावा म्हणणारे निघतील आणि ते कोणालाच नकोय. पण त्याच कारणाने कायद्यात "कायदेशीर कारण" ही वाट ठेवलेली आहे. गर्दीत चेंगरत होता म्हणून आत आला, पोराला कोणीतरी वर काढून दिलं, मारामारीपासून लांब पळाला, स्टुअर्डनेच इकडून जा म्हणून सांगितलं, या सगळ्यात बॅनच द्यायला नको. फक्त लक्षात घ्या, कोर्टात हे कारण सिद्ध करायची जबाबदारी आत गेलेल्यावर असते, म्हणून साक्षीदार आणि व्हिडिओ त्याच दिवशी गोळा करायचे.

वयाचं थोडक्यात. जुलै २०२२ मध्ये प्रीमियर लीग, ईएफएल (तिच्या खालच्या डिव्हिजन्सची लीग) आणि एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) यांनी मिळून जाहीर केलं की २०२२-२३ सीझनपासून मैदानात घुसणाऱ्याला किंवा स्मोक बॉम्ब वगैरे आणणाऱ्याला आपोआप क्लब बॅन, कमीत कमी एक वर्षाचा, आणि मूल लहान असेल तर सोबत आलेल्या आईबापांवरही बॅन येऊ शकतो. एक वर्ष हा आकडा मला ठीक वाटतो, एक आख्खा सीझन घरी बसून मॅच बघणं खऱ्या फॅनला चांगलंच लागतं. आईबापांचं मात्र बघून करावं, पोराला कठड्यावरून उचलून आत सोडलं असेल तर जरूर द्या, पण चौदा वर्षांचा मुलगा हात सोडवून पळाला तर वड्याचं तेल वांग्यावर कशाला. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला लाइफटाइम म्हणजे साठ-सत्तर वर्षांचा बॅन, पन्नाशीच्या माणसाला तोच बॅन वीस-तीस वर्षांचा. एकाच शिक्षेचं नाव सारखं पण वजन दुपटीहून जास्त, तेही ज्याची समज कमी त्याच्यावर.

चौथं, हा बॅन अंमलात येणार आहे का. नेदरलँड्समधल्या दोन केसेस बघण्यासारख्या आहेत. डिसेंबर २०११, आयाक्स विरुद्ध एझेड, एकजण एझेडचा कीपर एस्तेबानच्या अंगावर धावून गेला, एस्तेबानने त्याला लाथा घातल्या तर रेफरीने एस्तेबानलाच रेड कार्ड दाखवलं, एझेडची टीम मैदान सोडून गेली. आयाक्सने त्या फॅनला ३० वर्षांचा बॅन दिला. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये आइंडहोव्हनला पीएसव्ही विरुद्ध सेव्हिया, कीपर दिमित्रोविचवर एका फॅनने हल्ला केला, दिमित्रोविचनेच त्याला खाली पाडून धरून ठेवलं. पीएसव्हीने ४० वर्षं दिली. पण या माणसावर आधीपासूनच स्टेडियम बॅन होता! दुसऱ्याच्या तिकिटावर आत आला. गेटवर नाव आणि चेहरा तपासत नसाल तर ४ वर्षं काय आणि ४० वर्षं काय, कागदच तो. म्हणून क्लब जेव्हा मोठा आकडा जाहीर करतो तेव्हा विचारायचं की गेटवर काय बदललं, किती स्टुअर्ड वाढवले. हे काहीच नसेल तर तो आकडा बातमीसाठी आहे.

तरी त्या ३० आणि ४० मध्ये एक गोष्ट बरी आहे, त्याला शेवट आहे. पाचवा आणि शेवटचा प्रश्न तोच: हा बॅन परत कधी बघितला जाणार, ती तारीख कुठे लिहिलीय का? इंग्लंडमध्ये मोठ्या माणसाला नुसता दंड झाला असेल तर कायद्याच्या हिशोबात ती शिक्षा एका वर्षाने जुनी धरली जाते, बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात सांगावीही लागत नाही. सरकार एका वर्षात पुढे जातं आणि क्लब कधीच नाही, हे कुठल्या हिशोबात बसतं? माझं मत सरळ आहे. हल्ला केला असेल तर "लाइफटाइम" चालेल पण १० वर्षांनी एकदा तरी अर्ज करायची सोय ठेवून, आणि अर्ज आला म्हणून उठवलाच पाहिजे असंही नाही. हल्ला नसेल तर एक ते तीन वर्षं, दुसऱ्यांदा केलं तर पाच. तारीख नसलेला बॅन हल्ला न करणाऱ्याला कधीच देऊ नये.

आता समजा तुमच्या ओळखीतल्या कोणाला तिथे असा बॅन आलाय आणि वरच्या प्रश्नांवरून तो जास्त वाटतोय. कोर्टाची ऑर्डर असेल तर लगेच वकील गाठा, अपीलची मुदत फार थोडी असते. क्लबचा बॅन असेल तर पहिलं काम म्हणजे क्लबकडे लेखी कारण मागा, कुठला नियम मोडला, पुरावा काय, मुदत किती, अपील कोणाकडे. सोबतच डेटा कायद्याखाली स्वतःबद्दलची माहिती मागा, त्यात सीसीटीव्हीचं फुटेज आणि स्टुअर्डचा रिपोर्ट स्पष्ट नाव घेऊन मागा, साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. उशीर करू नका, फुटेज कायम ठेवत नाहीत.

मग अपील. ते एका पानात बसवा. काय केलं ते पहिल्याच ओळीत कबूल करा, "६३व्या मिनिटाला मी कठडा ओलांडून आत गेलो, कोणाला हात लावला नाही, स्टुअर्ड आल्यावर स्वतःहून बाहेर आलो" असं, कारण क्लबकडे व्हिडिओ आहे आणि लपवलं तर बाकीच्या पानावर कोणी विश्वास ठेवणार नाही. किती वर्षं सीझन तिकीट आहे, आधी काही तक्रार होती का ते लिहा. क्लबने अशाच दुसऱ्या केसमध्ये किती दिलं होतं ते सापडलं तर नक्की टाका. आणि शेवटी "बॅन रद्द करा" असं मोघम मागू नका, "एक वर्ष ठेवा" किंवा "तीन वर्षांनी परत बघायची तारीख द्या" असं ठोस मागा, कारण क्लबला जाहीर केलेला निर्णय मागे घेणं जड जातं, तारीख घालणं सोपं जातं. अपील ऐकणारा माणूस बॅन देणाऱ्यापेक्षा वेगळा असावा हेही मागा.

क्लबने नाही म्हटलं तर फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशनला कळवा, ते फॅन्सच्या बाजूने अशा केसेसमध्ये मदत करतात. क्लबच्या आतले सगळे टप्पे संपले की तक्रार इंडिपेंडंट फुटबॉल ओम्बड्समनकडे (फुटबॉलमधल्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे) नेता येते. त्यांचा निकाल क्लबवर सक्तीचा नसतो, पण क्लब शक्यतो तो पाळतात आणि निकाल जाहीर होतो. आणि हे सगळं चालू असताना मित्राच्या तिकिटावर मॅचला जाऊ नका, कितीही मोठी मॅच असो, कारण एकदा गेटवर सापडलात की अपील तिथेच संपलं आणि ज्या मित्राने तिकीट दिलं त्याचंही सीझन तिकीट जाऊ शकतं.