बागेतली खडीची वाट आणि अंगण: या चुका टाळा

वाट खचली की बहुतेकजण वरून आणखी खडी ओततात. दोनेक पावसाळ्यांत तीही मातीत जाते. दोष खडीचा नसतो, खाली भक्कम थरच नसतो.

काळ्या मातीत हे हमखास घडतं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगांतून खडी गिळते. म्हणून ६ इंच खोदा, माती किंचित ओलसर असताना तळ धुम्मसाने ठोका आणि त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी झिरपू देणारं पण माती वर येऊ न देणारं कापड, अंथरा. जोडावर एक पट्टा दुसऱ्यावर निदान ६ इंच यायला हवा. मग ४ इंच मुरूम, तोही दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून ठोकलेला. वर फक्त २ इंच खडी. ३ फूट रुंद, ३० फूट लांब वाटेला १५ घनफूट खडी लागते. मुरूम भरतो ३० घनफूट, पण ठोकल्यावर दबतो, म्हणून ४० धरा. अर्धा ब्रास (५० घनफूट) मागवलात तर पुरून उरेल.

कापडाऐवजी प्लॅस्टिकचा कागद घालू नका. पाणी त्याच्यावर साचतं आणि खडी घसरते. लव्हाळ्यासारखं तण तर प्लॅस्टिक भोकसून वर येतं. त्याच्या गाठी खोदतानाच वेचून काढा.

गोल गोटे दिसतात सुंदर, पण पायाखाली घरंगळतात, आणि घरात वयस्कर माणसं असतील तर ते नकोच. क्रशरची १० ते १२ मिमीची कोनदार खडी एकमेकींत अडकून बसते. पण तिचाही थर २ इंचांपेक्षा जाड केला तर चालताना पाय रुततो. अंगणात खुर्च्यांचे पाय रुतत असतील तर तेवढ्या जागी शहाबादी फरशीचे तुकडे बसवा.

कडेला विटा किंवा चिरे खडीपेक्षा अर्धा इंच वर ठेवा, नाहीतर खडी हिरवळीत पसरते. पण कड सलग बंद करू नका. उताराच्या बाजूला ४-५ फुटांवर पाण्याला फट हवी. उतार घरापासून बाहेर, ५ फुटांना १ इंच. पागोळ्या पडतात तिथे खड्डे पडतात, तेवढ्या पट्ट्यात ४० मिमी खडी घाला.

जुनी वाट बिघडली असेल तर खडी बाजूला सारून पहार मारून बघा. सहज आत गेली तर मुरूम ठोकलेला नाही. वाटेवरच्या खड्ड्यांत पाणी साचत असेल तर आधी उतार बघा. मातीत मिसळलेली खडी टाकून देऊ नका, चाळून धुतली की पुन्हा वापरता येते.