केसपेपरवरचा ‘क्रॉनिक’ हा शब्द कसा वाचावा आणि कसा वापरावा

सोलापुरातल्या सिव्हिलच्या केसपेपरवर किंवा सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘क्रॉनिक’ असे लिहिलेले दिसले, की ‘दुखणे हाताबाहेर गेले’ असे समजून घरातली माणसे हबकतात. हा शब्द ‘काळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असून आजार पुष्कळ काळ चालला आहे, एवढेच तो सांगतो. आजार किती गंभीर आहे किंवा बरा होईल की नाही, हे तो सांगत नाही. हृदयविकाराचा झटका ‘अॅक्यूट’, म्हणजे अचानक उद्भवणारा, आणि तरीही जीवघेणा असतो. उलट थायरॉईडची कमतरता बहुधा क्रॉनिक असते, पण रोजच्या एका गोळीवर माणूस वर्षानुवर्षे नीट कामधंदा करतो.

हा शब्द वाचताना त्याच्या पुढचे आजाराचे नाव आवर्जून पाहावे, कारण मुदत आजारानुसार बदलते. मूत्रपिंडाचा बिघाड ३ महिन्यांहून अधिक टिकला, तर त्याला क्रॉनिक म्हणतात; हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारासाठी ही मुदत ६ महिन्यांची आहे. क्रॉनिक ब्राँकायटिस (श्वासनलिकांची जुनाट सूज) मात्र सलग २ वर्षे, दर वर्षी किमान ३ महिने कफासह खोकला असल्यासच म्हणतात. ‘अॅक्यूट ऑन क्रॉनिक’ असे लिहिले असेल, तर जुना आजार अचानक उसळला आहे असे समजावे आणि उपचाराला उशीर करू नये.

प्रौढांचा खोकला ८ आठवड्यांनंतर क्रॉनिक ठरतो, पण म्हणून तोवर थांबणे धोक्याचे आहे. २ आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

स्वतः बोलताना ‘मला क्रॉनिक खोकला आहे’ एवढ्यावर थांबू नये. ‘गड्ड्याच्या जत्रेपासून (म्हणजे संक्रांतीपासून) खोकला आहे, सकाळी बेडका पडतो, सूतगिरणीत काम करतो’ असे सांगितल्यास डॉक्टरांच्या हाती खरी माहिती पडते. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना सुटीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर तेही सांगावे. ते बिसिनोसिस या फुप्फुसाच्या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे. विडी वळणाऱ्या बायकांनीही आपले काम सांगावे, कारण तंबाखूची भुकटी रोज श्वासावाटे आत जात असते, आणि कुणी मुद्दाम विचारल्याशिवाय ही गोष्ट बहुतेकींच्या तोंडून निघत नाही. मराठीत लिहिताना ‘दीर्घकालीन’ किंवा ‘जुनाट’ हे शब्द चालतात. ‘असाध्य’ हा शब्द त्या जागी कधीही लिहू नये.