शिक्का नसलेली चिनीमातीची बाहुली
बाहुलीवर बनवणाऱ्याचा शिक्का दिसत नाही म्हणून तिला लगेच बाजूला ठेवू नका. आधी केसांचा टोप हलकेच उचला (चिकटवलेला असेल तर अजिबात ओढू नका) आणि मानेची मागची बाजू, खांद्यांची आतली कड टॉर्च लावून बघा. पुसट आकडे बहुधा तिथेच दडलेले असतात. काहीच नसेल, तर चेहरा बघा. चकचकीत झिलई आणि रंगवलेले काळे केस असतील, तर ती १९व्या शतकातली जर्मन बाहुली असू शकते. त्यांच्यावर बऱ्याचदा खूण नसायचीच. १८९१पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. त्यामुळे ‘जर्मनी’ हा शब्द नसणं ही बाहुली त्याआधीची असल्याची एक खूण, पुरावा मात्र नव्हे. आणि कृपा करून तिला धुऊ नका! कापडी अंग, आतला भुसा, जुनी हातशिवण यांवरूनच वयाचा अंदाज येतो.