उधाणाआधी उघाडी बघा: रायगड-रत्नागिरीच्या खारपट्ट्यासाठी पावसाळी सल्ला

जून ते ऑगस्टमध्ये हवामान खात्याच्या इशाऱ्यात ताशी 45 ते 55 किलोमीटर वारा, झोत 65 पर्यंत आणि खवळलेला समुद्र असे शब्द आले, की मच्छीमार होड्या वर ओढतात. खारभाताच्या शेतकऱ्याने त्याच दिवशी बांधावर जायला हवे. तो जात नाही, आणि शेत तिथेच हातचे जाते. करपा रोगाने किंवा तुडतुडा किडीने गेलेले भात थोडेफार तरी घरी येते. बांधाला खांड (भगदाड) पडून खाडीचे पाणी आत शिरले तर त्या वर्षाचे पीक जातेच, शिवाय पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धड पिकत नाही.

उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसापेक्षा पुढच्या एक-दोन दिवसांत जास्त चढते. भरतीच्या तक्त्यातली उंची चंद्र-सूर्याच्या हिशेबाने काढलेली असते, त्यात वारा धरलेला नसतो. नैर्ऋत्येचा वारा दोन दिवस लागून राहिला की खाडीत पाणी दाबले जाते आणि वरून लाटा बसतात. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट. द्वितीयेला दीडच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. उघाडी म्हणजे बांधातले पाणी सोडायचे झडपेचे दार, तिचे काम ओहोटीलाच करायचे.

सगळ्यात आधी झडप बघा. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ती बाहेर उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याने मिटते. झडपेत ओंडका, जाळ्याचा तुकडा किंवा प्लॅस्टिकची गोणी अडकली, की दोन बोटांची फट राहते. तेवढ्या फटीतून प्रत्येक भरतीला खारे पाणी आत येते आणि वरून काही दिसत नाही. बिजागरी हाताने हलवून बघा, फळी कुजली असेल तर आजच बदला, बाहेरच्या तोंडाचा गाळ फावड्याने ओढा. भरतीला झडप बंद असताना आत पाऊस साचतो, म्हणून उधाणाच्या दोन दिवस आधीपासून दर ओहोटीला आतले पाणी उतरवत राहा. तुंबलेले शेत आणि उधाण एकाच दिवशी आले की बांध दोन्हीकडून भिजून ढासळतो.

मग बांध. पूर्ण भरतीला आतल्या पायथ्याने चाला. पाणी झिरपत असेल तर त्याचा रंग बघा. स्वच्छ पाणी असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली आहे, दुसऱ्या भरतीची वाट बघू नका. बहुतेक वेळा कारण चिंबोऱ्यांची बिळे. नुसते तोंड बुजवून उपयोग नाही, तेही आतल्या बाजूने तर मुळीच नाही, कारण दाब खाडीकडून येतो. ओहोटीला खाडीच्या अंगाने बीळ शेवटपर्यंत उकरा, चिकण मातीचे वीतभर थर देत धुमसाने ठोका. गोण्या दोन-तृतीयांशच भरा आणि विटांसारखे सांधे मोडून रचा. गच्च भरलेल्या गोण्यांमध्ये फटी राहतात. बांधाच्या पायथ्याची माती काढून माथा वाढवू नका, निदान दहा-पंधरा फूट लांबून आणा. मागच्या उधाणाच्या ओल्या रेघेपेक्षा माथा दोन फूट तरी वर हवा, हा आमचा शेतावरचा अंदाज. बांधापुढचे तिवर (खारफुटी) तोडू नका. लाट तिथेच मोडते, आणि तोडणे गुन्हाही आहे.

पाणी शिरलेच, तर दुकानदार जिप्सम आणि 'क्षार काढणाऱ्या' बाटल्या दाखवेल. पैसे घालू नका. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेल्या जमिनीसाठी असते. आपल्या खारीत साधे मीठ आहे, ते पावसाच्या पाण्याने धुऊन जाते. ओहोटीला खारे पाणी पूर्ण काढा, पावसाचे पाणी एक-दोन दिवस कोंडून परत सोडा, असे तीन-चार वेळा करा. धुतल्याशिवाय चिखलणी नको, युरिया नको. मातीची क्षारता मीटरला 3 डेसीसायमनच्या (क्षार मोजायचे एकक) वर गेली की भाताची वाढ मार खाऊ लागते. मापक नसेल तर जिभेला खारट लागणाऱ्या पाण्यात लावणी करू नका. थोडे रोप वरकस (उंचावरच्या) जमिनीत राखून ठेवा. पनवेल-1, 2, 3 ही वाणे खारीसाठीच काढलेली आहेत. रोप थोडे जुने, चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) चार-पाच काड्या.

बाकीची कामे:

- भात खत, हेक्टरी: नत्र 100, स्फुरद 50, पालाश 50 किलो, नत्र तीन हप्त्यांत, शेतात खारे पाणी नसतानाच.
- सुपारी, कोळेरोग (फळे सडतात): 1 टक्का बोर्डो (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर). वाऱ्यात फवारणी नको.
- केळी: घडाने झाड झुकते त्या बाजूने टेकू.
- नारळ: सुकलेल्या झावळ्या उतरवा, नवीन रोपांना काठीचा आधार.
- वेलभाज्या: मांडवाचे ताण आवळा.

उघाडी सगळ्या गावाची असते, म्हणूनच ती कोणाचीच राहत नाही. प्रत्येक उधाणासाठी दोन माणसांची नावे आधी ठरवा. रात्रीच्या भरतीलाही बॅटरी, फावडे आणि दहा भरलेल्या गोण्या घेऊन तीच दोघे बांधावर असतील.