युद्धकाळात विरोधी सल्ला दाबताना होणाऱ्या या चुका टाळा: १९६२ चा दाखला

१९६२ च्या भारत-चीन युद्धाचा विषय निघाला की 'चीनने पाठीत खंजीर खुपसला' हे वाक्य हमखास ऐकू येते. कोणालाच काही कळले नव्हते, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो चुकीचा आहे. इशारे दिले गेले होते. ते लेखी होते, कारणांसह होते आणि सेनेतल्या सर्वांत जबाबदार माणसांनी दिलेले होते. ते वाया कसे गेले, हे नीट पाहायला हवे. मंत्री, सचिव किंवा सेनापती अशा खुर्चीवर बसणारा कोणीही तीच चूक पुन्हा करू शकतो.

इशारा ज्याच्या धोरणावर आहे, त्याच्याच हाती तो सोपवणे

कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात १९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाचे सेनापती होते. तेव्हाच्या नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी एक टिपण वर पाठवले. सीमेवरच्या चौक्यांच्या बळावर चिनी आक्रमण थोपवता येणार नाही. शत्रूला आत येऊ द्यावे, त्याची रसद लांबली की आपल्या सोयीच्या जागी त्याला अडवावे, असा त्याचा गाभा होता. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाच्या युद्धसरावात त्यांनी हाच विषय वरिष्ठांसमोर मांडला.

सरसेनापती थिमय्या यांनी ते टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे दिले. चीनकडून मोठे आक्रमण होणार नाही, यावर मेनन यांचा ठाम विश्वास होता. टिपण तिथेच थांबले. थोरातांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की युद्ध पेटल्यावर नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले आणि हे आपल्याला आधी का दाखवले नाही, असे विचारले.

मेनन चांगले की वाईट, या वादात मला शिरायचे नाही. खरा दोष वाटेत होता. पंतप्रधानांपर्यंत जाणारा एकच रस्ता असावा आणि तो ज्याच्या समजुतीला आव्हान दिले आहे त्याच्या टेबलावरून जावा, हीच ती चूक. यावर उपाय अवघड नाही. युद्धाशी संबंधित असहमतीचे मूळ टिपण, मंत्र्याच्या उत्तरासह, पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाच्या समितीपुढे गेलेच पाहिजे. मंत्र्याने ते खोडून काढायला हरकत नाही, पण अडवता कामा नये.

धोरणातली अट गाळणे

२ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीत पुढे सरकून चौक्या उभारण्याचे धोरण ठरले. गुप्तचर विभागाचे प्रमुख मलिक यांचे मत होते की आपली चौकी असेल तिथे चिनी बळ वापरणार नाहीत. त्या निर्णयातच एक अटही होती: पुढच्या चौक्यांच्या मागे, रसद पोहोचेल अशा ठिकाणी मोठे सैन्य आधाराला उभे करावे. लष्करी मुख्यालयाने डिसेंबरमध्ये विभागांना आदेश पाठवले, त्यात नेमकी ही अट नव्हती. मूठभर जवानांच्या चौक्या पुढे गेल्या आणि पाठीमागे कोणीच उभे राहिले नाही.

पश्चिम विभागाचे सेनापती दौलत सिंग यांनी ऑगस्ट १९६२ मध्ये स्पष्ट लिहिले की राजकीय आदेश लष्करी ताकदीच्या हिशेबानेच दिले पाहिजेत; ही ताकद नसताना चीनला डिवचू नये. आतापर्यंतच्या घटनांनी धोरण बरोबर ठरवले आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. जुलैमध्ये चिन्यांनी लडाखमधली गलवानची चौकी वेढली होती, पण हल्ला केला नव्हता. तोच पुरावा मानला गेला. 'अजून काही झालेले नाही' हे वाक्य आक्षेपाचे उत्तर म्हणून कानावर आले, की तिथेच बैठक थांबवून आक्षेप पुन्हा वाचायला घ्यावा.

लेखी आदेश मागितला म्हणजे विरोध नोंदवला, असे समजणे

ही चूक विरोध करणाऱ्यांची आहे आणि मला ती सर्वांत जास्त सलते.

सप्टेंबर १९६२ मध्ये चिनी सैनिक थगला कड्यावरून उतरून नेफातल्या नामका चू ओढ्याकाठच्या धोला चौकीसमोर आले. २२ सप्टेंबरला दिल्लीत बैठक झाली. नेहरू राष्ट्रकुल परिषदेसाठी परदेशात होते, मेनन न्यूयॉर्कला. खुर्चीवर उपमंत्री होते. नेफात कारवाई केली तर लडाखमध्ये चिनी सूड घेतील, अशी भीती थिमय्यांनंतरचे सरसेनापती थापर यांनी मांडली. फार तर लडाखमधल्या एक-दोन चौक्या जातील, असा परराष्ट्र सचिवांचा होरा होता. थापर यांनी लेखी आदेश मागितला. संरक्षण मंत्रालयाच्या एका सहसचिवाच्या सहीने तो मिळालाही: सेनेची तयारी होताच नेफाच्या कामेंग भागातून चिन्यांना हुसकावून लावावे. काही ओळींचा कागद होता तो.

त्या कागदाने थापर सुरक्षित झाले असतील, पण ओढ्याकाठचा जवान नाही. हे काम आज होण्यासारखे नाही, का नाही ते हे, आणि केल्यास हे घडेल, असे सरसेनापतीने स्वतःच्या सहीने लिहून पंतप्रधानांच्या हाती द्यायला हवे होते. आदेश लेखी घेणे आणि असहमती लेखी देणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

'नाही' म्हणणारा हलवला की अडचण सुटली, असे मानणे

नेफा ज्या ३३ व्या कोअरकडे (सेनेच्या मोठ्या तुकडीकडे) होते, तिचे सेनापती उमराव सिंग यांनी थेट नकार दिला नव्हता. थगलावर चढाईसाठी किती तोफा, किती शिधा, किती दारूगोळा आधी पोहोचायला हवा, याची यादी त्यांनी दिली. हिवाळ्याच्या आत ते सगळे पोहोचणे शक्यच नव्हते. म्हणजे यादी हाच नकार होता. दिल्लीने यादीकडे पाहण्याऐवजी माणूस बदलला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नेफा त्यांच्याकडून काढून नव्या चौथ्या कोअरकडे दिले गेले आणि तिथे आले लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल. ते नेहरूंच्या विश्वासातले होते, पण लढाईत पायदळाच्या पलटणीचे नेतृत्व केल्याचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता.

नामका चूवर ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांची सातवी ब्रिगेड होती. अंगावर सुती गणवेश, उबेला एखादे ब्लँकेट, पाऊचमधली काडतुसे. विमानातून टाकलेल्या सामानातले बरेचसे दऱ्याखोऱ्यांत जाई. समोर कड्यावर चिनी, वरून आपल्या हालचाली पाहत बसलेले. इथे थांबू नये, मागे चांगल्या जागी जावे, असे दळवी वारंवार सांगत होते. १० ऑक्टोबरला जवळच्याच त्सेंग जोंगला चिन्यांनी मोठ्या संख्येने हल्ला केला, तेव्हा कौल स्वतः तिथे होते. त्यांना परिस्थिती कळली. ते दिल्लीला गेले, ११ तारखेला पंतप्रधानांच्या घरी बैठक झाली, आणि तरीही ब्रिगेड ओढ्याकाठीच राहिली. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला आला आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. दळवी कैद झाले.

आकड्यांत मांडलेला नकार ओळखायला शिका. 'हे सामान द्या, मग करतो' असे तज्ज्ञ म्हणाला आणि सामान देणे शक्य नसेल, तर त्याने 'नाही' म्हटले आहे.

मतभेद मिटायच्या आत जाहीर बोलणे

११ तारखेच्या त्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी, सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) निघताना, नेहरूंनी पत्रकारांना सांगितले की आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सेनेला दिल्या आहेत. तारीख ठरवणे सेनेचे काम, असेही ते म्हणाले. पण एकदा असे जाहीर झाल्यावर माघारीचा सल्ला द्यायला कोण धजावणार? संसदेतला आणि वर्तमानपत्रांतला दबाव खरा होता, हे मान्य. तो झेलणे हेच तर नेत्याचे काम असते.

चौकशी वरच्या पायरीपाशी थांबवणे

२१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाणांनी संरक्षण खाते हाती घेतले. त्यानंतर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांची चौकशी बसली. तिचा विषय होता प्रशिक्षण, साधनसामग्री, आदेशव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची कुवत. दिल्लीत निर्णय कसे झाले, हे तपासायचे काम तिला दिले गेले नाही. तरीही जे कागद समोर आले त्यांतून बरेच उघड झाले. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत त्यातले निष्कर्ष थोडक्यात सांगितले. अहवाल मात्र बंदच राहिला. २०१४ मध्ये त्याचा काही भाग बाहेर फुटला, पण सरकारांनी तो स्वतःहून खुला केला नाही, कोणत्याही पक्षाच्या नाही.

या युद्धात १,३८३ भारतीय जवान मारले गेले आणि जवळपास चार हजार कैद झाले. त्यांचे सेनापती काय लिहीत होते आणि त्याला कोणी काय उत्तर दिले, हे मूळ कागदांत वाचण्याचा या जवानांच्या नातवंडांना हक्क आहे. साठ वर्षे उलटली, त्या वेळच्या तोफा आणि चौक्या आता इतिहासजमा झाल्या. हा अहवाल पूर्ण खुला करा, ही मागणी खासदारांनी प्रत्येक अधिवेशनात लावून धरावी.